चिमाबाईचे पाय

फोटोच्या स्टुडिओत किस्से साचायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईक नटूनथटून येतं, ऊन नीट पडेपर्यंत त्याला बाकावर बसावं लागतं, आणि बसलेला माणूस बोलतोच. मी सोलापुरात नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत रिटचर होतो. म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून लोकांचे देवीचे व्रण बुजवायचे आणि म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या कमी करायच्या. अर्ध्या सोलापूरला मी देखणं केलंय. उरलेलं अर्धं आमच्याकडे आलंच नाही, त्याला मी काय करणार? मित्रमंडळी जमली की अजून म्हणतात, त्या गजाभाऊचं सांग. आणि गजाभाऊचं सांगायचं तर चिमाबाईपासूनच सुरुवात करावी लागते.

*

गजाभाऊ स्टुडिओचा मालक आणि फोटोग्राफर. आमच्याकडे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर संगमरवरी जिना, तळं, तळ्यात दोन राजहंस. वकील असो नाहीतर गिरणीतला जॉबर, सगळे त्याच जिन्यापुढं उभे राहायचे.

त्या साली थेटरात एका तमाशाच्या फडाचा मुक्काम होता. त्यातली मुख्य नाचणारी चिमाबाई, मूळची वैरागची. थेटरच्या दारात लावायला तिचा फोटो हवा होता, म्हणून ती भावाला, ढोलकीवाल्या सोपानाला घेऊन आली. गजाभाऊंनी तिला जिन्यापुढं उभं केलं. तिनं मान वळवून पडद्याकडं बघितलं.

"हे कुणाचं घर हाय?"

गजाभाऊ म्हणाले, कुणाचंच नाही, चित्र आहे.

"मग नगं. घरमालक आला म्हंजी मलाच हाकलंल. मला बाजारात काढा की. मी बाजारातलीच हाय."

ती हसत म्हणाली. सोपाना मात्र खाली बघत होता. गजाभाऊंनी पडदा गुंडाळला, आणि त्या दिवसापासून त्यांना वेड लागलं ते लागलंच. नाचणारी बाई थेटरात सगळेच बघतात. ती टांग्याच्या अड्ड्यावर, पाणवठ्यावर, भाजीबाजारात नाचताना कशी दिसेल?

*

पहिला प्रयोग टांग्याच्या अड्ड्यावर.

इथं आमच्या कॅमेऱ्याची ओळख करून द्यायला हवी. लाकडी पेटी, तीन पायांचा स्टँड, काचेच्या प्लेटा, आणि भिंगावर पितळी टोपण. टोपण हातानं काढायचं, मनात 'एक' म्हणायचं, परत लावायचं. तेवढ्यात समोरचा हलला की पुसला गेला. झटकन उघडमीट करणारे कॅमेरे तेव्हा मिळत होते, पण हा कॅमेरा गजाभाऊंना सासऱ्यांनी दिलेला. घरात शांतता हवी असेल तर तो बदलायची सोय नव्हती.

चिमानं चाळ बांधले, पदर खोचला. गजाभाऊ काळ्या फडक्यातून डोकं काढून म्हणाले, "हं, नाचा. पण हलू नका."

चिमा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊ, आदी दोनातलं एक ठरवा की."

ठरलं नाही. ती नाचली, गजाभाऊंनी टोपण काढलं. प्लेट धुतली तर चिमाचा चेहरा बरा होता, कारण तो ती स्थिर ठेवत असे. कमरेखाली धुकं आणि पाय साफ गायब. मागं उभ्या उभ्या झोपलेला टांग्याचा घोडा मात्र शेपटीच्या केसासकट सुरेख आला होता. टांगेवाल्यानं त्याची प्रत मागून नेली आणि घरात देवाशेजारी लावली.

*

गजाभाऊंनी तो फोटो दुकानाच्या काचेत लावला. दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! कुणीतरी उठवलं होतं की फडातली बाई माणूस नाही, हडळ आहे. एक पगडीवाले आजोबा सगळ्यांना समजावून देत होते, "हडळीचे पाय उलटे असतात. हिला मुळात नाहीतच. म्हणजे ही त्यांच्यातली वरच्या हुद्द्याची."

फडाचं मात्र भलं झालं. रोज थेटर तुडुंब. पुढच्या रांगेतले लोक चिमाच्या तोंडाकडं बघेनात, सगळे माना वाकवून तिच्या पायाकडं! फडाचा मालक गजाभाऊंना पेढे देऊन गेला.

चिमा आली ती पेढे घेऊन नाही. काचेपुढं उभी राहिली, फोटो बघितला आणि आत येऊन बाकावर बसली. बसताना तिनं उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला, तेव्हा मला दिसलं की तो चांगलाच सुजलेला आहे. वैरागच्या हाडवैद्यानं तिला सांगून टाकलं होतं की आता पुरे. एवढा मुक्काम संपला की ती नाच सोडणार होती. गावाकडं भावाची शेरडं होती, ती राखणार होती.

"भाऊ, तोंड समद्यांचंच येतंय फोटूत," ती म्हणाली. "मी खाल्लं ते पायावर. उद्या शेरडामागं फिरताना कुणाला म्हनलं, मी नाचत हुते, तर खरं कोन मानंल? नाचताना माझं पाय दिसतील असा एक फोटू काढा. एकच."

गजाभाऊ एरवी बोलके. त्या वेळी नुसती मान हलवली. हौस होती ती हौस राहिली नाही, हे मला तिथंच कळलं. फडाचा मुक्काम संपायच्या आत चिमाचे पाय मिळवायचे होते.

*

आता पाय कॅमेऱ्यात येत नाहीत म्हटल्यावर रिटचरची पाळी. मी गजाभाऊंना म्हटलं, मी काढतो की पेन्सिलनं! आजवर इतक्यांना नाकं दिली, पाय काय अवघड आहेत?

अवघड होते. कारण परक्या बाईच्या पायाकडं निरखून बघायची आमची हिंमत नाही. मग घरी कुटुंब भाकऱ्या थापत बसलं की मी समोर पाट घेऊन बसायचो. दोन दिवसांनी तिनं विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

पाय झकास उतरले. गजाभाऊ खूष. फोटो काचेत लागला. आणि सिद्धेश्वराच्या देवळातून परत येताना आमचं कुटुंब नेमकं दुकानावरून गेलं. संध्याकाळी मी घरी गेलो तर ताट वाढलेलं नव्हतं. "करंगळी वाकडी असलेले पाय सोलापुरात किती बायकांचे आहेत?" तिनं विचारलं. "चार दिवस माझे पाय नव्या पेठेत टांगलेत तुम्ही!"

पण खरी चूक तिलाही दिसली नव्हती. ती चिमाला दिसली. तिनं प्रत हातात घेतली, उजेडाकडं धरली आणि हसायलाच लागली.

"जोडवी घातलीसा व्हय मला? मग शेजारी नवरा बी काढायचा हुता की."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. फडातल्या बाईला कुठला नवरा आणि कुठली जोडवी? मला बाईचा पाय म्हटला की जोडव्यासकटच माहीत, हात आपोआप चालला. आम्ही सगळेच हसलो, चिमा सगळ्यांत जास्त. हसता हसता तिचा अंगठा त्या जोडव्यांवरून एकदा फिरला. मग तिनं प्रत माझ्याकडं दिली आणि म्हणाली, "खोडा. आन् पाय बी खोडा. माझं न्हाईत ते."

*

मधेच फड दोन दिवस बार्शीला जाणार होता. गजाभाऊ कॅमेरा घेऊन कुर्डुवाडीपर्यंत मागं गेले. बार्शीची छोटी गाडी उभी, प्लॅटफॉर्मवर चिमा, ऊन अगदी हवं तसं. गार्डला विनंती केली, जरा थांबता का? गार्ड भला माणूस. म्हणाला, थांबतो की.

थांबला तो चिमाच्या पुढं येऊन! छाती काढून, एका हातात हिरवं निशाण, दुसऱ्यात शिट्टी. गजाभाऊ फडक्याच्या आत, त्यांना सगळं उलटं दिसत होतं. त्यात आयत्या वेळी आलेला माणूस कळला नाही. टोपण लागल्यावर गार्डनं श्वास सोडला आणि काळजीनं विचारलं, "माझा हात नाही ना हलला?"

गाडी उशिरा सुटली. प्लेटेवर गार्ड इतका स्वच्छ आला की कोटाची तुटकी गुंडीसुद्धा दिसावी. चिमा त्याच्या मागं. पाय जाऊ द्या, या खेपेला तोंडही नाही.

*

परतल्यावर सोपाना पहिल्यांदा तोंड उघडून बोलला. म्हणाला, "समेवर ती थांबती की, भाऊ. एक घटका न्हाई, पर तुमच्या एक म्हनण्यापुरती थांबती. मी वाजिवतो, तुमी समेला टोपण काढा."

युक्ती नामी होती. अडचण एकच. गजाभाऊंना ताल म्हणून कळत नव्हता. सम आली की ते बरोबर पुढच्या मात्रेवर टोपण काढायचे. मग स्टुडिओत तालीम सुरू झाली. सकाळी सोपाना ढोलकी वाजवतोय आणि गजाभाऊ रिकाम्या कॅमेऱ्यापुढं डोळे मिटून टोपण उघडताहेत, लावताहेत. शेजारचा शिंपी दोनदा येऊन तब्येतीची चौकशी करून गेला.

अशात एक वकीलसाहेब नव्या जोडप्याला, म्हणजे मुलाला आणि सुनेला घेऊन फोटोला आले. जिना, राजहंस, खुर्चीत नवरा, बाजूला नवरी. आतल्या खोलीत सोपानाचा हात चालूच होता. गजाभाऊ सवयीनं समेची वाट बघत राहिले आणि नवरदेवानं समेला झकास मान टाकली! वकिलाचा मुलगा, कॉलेजात जाणारा. थेटरात हजेरी असल्याशिवाय अशी मान पडत नाही, हे आम्ही ओळखलं आणि गप्प बसलो.

फोटोत नवऱ्याला दोन डोकी आली. मी घाबरत घाबरत वकीलसाहेबांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून बघितला.

"दोन कशाला दिलीत?" ते म्हणाले. "तो पहिलंच वापरत नाही."

*

शेवटचा मंगळवार उजाडला. दुसऱ्या दिवशी फड हलणार. गजाभाऊंनी मंगळवार बाजारात कॅमेरा लावला तो मेथीवाल्या काशीबाईच्या जागेवरच. काशीबाई म्हणजे तिखट बाई. तिनं आधी स्टँडच्या तिन्ही पायांचा उद्धार केला आणि मग चार हात सरकून बसली. गजाभाऊंनी बाजाराला हात जोडून सांगितलं, ढोलकी थांबली की कुणी हलू नका. बाजार कबूल झाला. तागडी धरलेले हातसुद्धा तयार राहिले.

सोपानानं ढोलकी धरली. चिमानं दोन फेरे घेतले आणि मला वाटलं, या बाईचा गुडघा दुखतो हे खोटंच असावं. गजाभाऊ कॅमेऱ्याशेजारी डोळे घट्ट मिटून उभे, सगळं लक्ष कानात. एकच प्लेट उरली होती.

तिसऱ्या फेऱ्याला चिमाचा गुडघा आखडला. ती जागच्या जागी उभी राहिली. एक हात वर, दुसरा कमरेवर, तोंडावरचं हसू तसंच, पण पाय उचलेना. सोपानाला ते दिसलं. त्याचा हात अडखळला. गजाभाऊंचे डोळे अजून मिटलेलेच.

तेवढ्यात काशीबाई उठली. "वाजीव रं!" ती सोपानावर ओरडली. "ढोलकी रिकामी जातीया." आणि मेथीची जुडी हातात तशीच घेऊन ही साठीची बाई नाचायला लागली. तिच्या शेजारची वांगीवाली उठली. मग मिरच्यांवाली. मग एक हमाल, डोक्यावरचं पोतं खाली टाकून. बघता बघता आख्खी ओळ थयथय नाचत होती आणि मधोमध चिमा उभी, एक बोट न हलवता.

सोपाना समेवर आला; न हलायचं कबूल केलेला बाजार नाचतच राहिला. गजाभाऊंनी, आयुष्यात पहिल्यांदा, बरोबर समेवर टोपण काढलं. एक. लावलं. मग डोळे उघडले आणि मला विचारलं, "नाचली का रे?"

मी म्हटलं, आधी प्लेट धुऊ.

प्लेट आम्ही संध्याकाळीच धुतली. चिमा आली होती डोक्यापासून पायापर्यंत, लख्ख. घोट्यावरचा घुंगरू न् घुंगरू दिसत होता, टाचेची भेग दिसत होती. आणि तिच्या भोवतीचा सगळा बाजार धुक्यात होता; एकाही माणसाला पाय नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीच्या आधी, चिमा आली. तिनं फोटो घेतला आणि बराच वेळ फक्त खालची कड बघत राहिली. मग बाकीचं बघितलं. फोटो पदराखाली धरून सरळ बाजाराकडं चालायला लागली, लंगडत. सोपाना, गजाभाऊ आणि मी मागोमाग.

मंगळवार नसला तरी काशीबाई रोजच्या जागेवर जुड्या बांधत होती. चिमानं तिला फोटो दाखवला नाही, की काही सांगितलं नाही. कमरेची चंची सोडली, एक चांदीचं नाणं काढलं आणि फडात पुढच्या रांगेतले शौकीन नाचावर खूष होऊन तिच्यापुढं धरायचे तसं दोन बोटांत धरून काशीबाईपुढं केलं.

"दौलतजादा," ती म्हणाली.

काशीबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले, उठली, नाणं घेऊन कपाळाला लावलं आणि भर बाजारात चिमाला वाकून मुजरा केला.