मामाचा नंबर

मुदखेड तालुक्यात माझ्या मामाचं नाव विसरलेली माणसं सापडतील, पण त्याचा मोबाईल नंबर विसरलेला माणूस अजून जन्माला यायचाय. आमच्या संघटनेच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी तो छापलेला असायचा. रेशन बंद झालं, शिष्यवृत्ती अडली, तलाठी सातबारा देईना, तसा वरचा मजकूर बदलायचा. खालची ओळ तीच, 'अडचण आली तर फोन करा.' या पत्रकांच्या घड्या घालतच मी मोठी झाले, आणि तो नंबर मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला. लोकही असे आज्ञाधारक, की लग्नाच्या पंगतीत मीठ कमी पडलं तरी फोन मामालाच; तो अर्ध्या तालुक्याचा मामा झालेला. मामा आंघोळीला मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यायचा आणि डोळ्यांत साबण गेलेला असतानाच, "जय भीम, बोला," म्हणायचा. एकदा दाढ काढायला आ वासून बसलेला असताना त्यानं फोनवर कुणाला तरी निराधार योजनेचा अख्खा अर्ज सांगितला. डॉक्टर पक्कड घेऊन मुकाट्यानं थांबले.

मामी वारल्यावर त्याची मुलगी, म्हणजे माझी ताई, त्याला कायमचा जर्मनीला घेऊन गेली. तिसऱ्याच दिवशी दोघं तिथलं सिमकार्ड घ्यायला गेले. दुकानदार निघाला लाहोरचा, आणि मामाच्या नांदेडी हिंदीला ऊत आला.

"मेरेकू मेराच नंबर होना."

"चचा, वो तो इंडिया का नंबर है."

"तो क्या हुआ? कंपनी बदली तो नंबर नइं बदलता, कायदा हय. मैं तो खाली देश बदल्या."

दुकानदारानं पासपोर्ट मागितला, राहत्या घराचा पुरावा मागितला. मामानं दोन्ही दिलं आणि उलट तक्रारीचं रजिस्टर मागितलं. ताई रडकुंडीला आली. "बाबा, मागं लोक खोळंबलेत." मामा म्हणाला, "खोळंबू दे. ह्यो त्यांचाबी प्रश्न हाय." शेवटी त्यानं नवा नंबर घेतला, पण सहीखाली मराठीत 'निषेधासह' असं लिहून.

ताईनं हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. पण जुन्या नंबरावर तिथं फोन घेणं फार महाग, म्हणून तो बंद झाला आणि हसणं ओसरलं. मामा नव्या नंबरावरून एकेकाला फोन लावू लागला. कुणीच उचलेना. परदेशी नंबर दिसला की तो फसवणुकीचा समजा आणि कट करा, असं पत्रक गेल्या वर्षी गावोगाव वाटलं होतं, मामानंच. लोक त्याचा शब्द पाळत होते.

"बाई, मी काय चोर हाय का गं?" त्यानं मला विचारलं. फोन उचलणारी मी एकटीच उरले होते.

मी चिडून एक जळजळीत लेख लिहायला घेतला. देश बदलला म्हणून माणसाची ओळख काढून घेणारे हे कोण, वगैरे. दोन ओळींपुढं तो सरकेना. मला लेख नको होता, मला मामा हवा होता. मग लेख फाडून पत्रक काढलं, 'हा नंबर मामाचा आहे. उचला,' आणि वाटायला निघाले.

पहिलंच घर शेवंताबाईचं. मामानं खेटे घालून तिचा निराधारचा पगार सुरू केलेला. तिनं पत्रक उलटसुलट पाहिलं. "मला कुठं वाचता येतंय? तूच लाव की आत्ता." मी माझ्या फोनवरून लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून मामाचा खणखणीत आवाज आला, "जय भीम, बोला. काय अडलंय?"

"शेवंता बोलून राहिली, भाऊ. काय अडलं न्हाई."

"पगार बंद झाला का?"

"न्हाई की. येळेवर येतोय."

"मग फोन कशापायी केला, आक्का?"

"उगंच. लई दिस झाले, तुझा आवाज ऐकू वाटला."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं, लाईन तुटली, म्हणून मी फोन घ्यायला हात पुढं केला. शेवंताबाईनं मान हलवून मला थांबवलं, आणि फोन कानाशी आणखी घट्ट धरून ती तशीच उंबऱ्यात बसून राहिली.