शिरोरेघेवरची दोन बोटं

मंडळी, दुपारपासून काम बंद करून बसलेय.

आम्ही पाट्यांसाठी एक साधा फॉन्ट करतोय. मराठी, गुजराती, तमिळ, इंग्रजी, सगळी अक्षरं एका घरातली वाटावीत असा. हॉस्पिटलमध्ये लागणार आहे तो. आज पाटीच्या मापाची प्रिंट घेऊन मालाडला बाबांकडे गेले. बाबांनी आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून हात थरथरतो, ब्रश सुटला.

भिंतीला लावलेली प्रिंट त्यांनी लांबून बघितली. इंग्रजी चटकन वाचलं. मराठीवर अडकले.

"ह्या वरच्या मात्रा कुणी चेपल्या गं?"

मीच. आधी इंग्रजीची उंची ठरवली आणि बाकी सगळ्यांना तिच्यात कोंबलं. ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून.

"आम्ही वर दोन बोटं जागा सोडायचो, मगच शिरोरेघ मारायचो," म्हणाले. उठून थरथरती दोन बोटं माझ्या शिरोरेघेवर ठेवली. तिथे एका बोटालाही जागा नव्हती.

या माणसाच्या रंगाच्या डब्यांत खेळून मी मोठी झाले. तरी आपल्या अक्षराला माप दुसऱ्याचं लावलं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या कामात असं कुठे होतं? खरं सांगा.