टोपी पांढरी होईपर्यंत

माझ्या स्वर्गवासी सासऱ्यांना मी निळं केलं. तेही भर समारंभात, त्यांच्या बायकोसमोर.

झालं असं, की सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि सेलूला, माझ्या मेहुण्याच्या घरी, छोटासा कार्यक्रम ठरला होता. सासूबाईंची मागणी एकच. नवऱ्यासोबतचा त्यांचा एकुलता एक फोटो, जुना, रंगीत, आता विटून लालसर झालेला, तो मोठा करून भिंतीवर लावायचा. "जवाईबुवा, त्यायचा रंग होता तसाच आला पाह्यजे," त्या फोनवर म्हणाल्या. "आजकाल डोळे मिटले का चेहरा नीट दिसत नाई मले." हे ऐकून मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी नको ते काम अंगावर घेतो.

"स्टुडिओत द्या न," माझी बायको शोभा म्हणाली.

"स्टुडिओवाल्यानं बाबाले कधी पाह्यलं होतं काय?" मी म्हणालो आणि फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतला.

आता, फोटोचे रंग अचूक हवेत तर आधी मॉनिटर खरं बोलणारा हवा, एवढं ज्ञान मी चार दिवस व्हिडिओ पाहून मिळवलं होतं. खोलीत बाहेरचा उजेड नको, म्हणून खिडक्यांना जाड चादरी लावल्या. (वर्धा. मे महिना. कूलर खिडकीत होता, तो चादरीमागे गेला.) भडक कपड्यांचा रंग पडद्यावर पडतो म्हणून शोभाला सांगितलं, की चहा आणायचा तर करड्या साडीत आण. त्या दिवसापासून चहाच बंद झाला.

व्हिडिओतला सगळ्यात मोलाचा मंत्र असा, की फोटोतली एखादी पांढरी वस्तू धरायची. ती पांढरी झाली की बाकीचे रंग आपोआप ताळ्यावर येतात. सासऱ्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. मी टोपी धरली. ती पिवळट दिसत होती, म्हणून थोडा निळा रंग वाढवला. तरी पिवळट. आणखी वाढवला. मॉनिटरची सगळी बटणं दाबून झाली. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्यानं मॉनिटर उत्तम असल्याचं सांगितलं, आणि मी त्याला अडाणी ठरवून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी टोपी एकदाची शुभ्र झाली.

शोभानं दारातूनच पाहिलं. "किती नीळ टाकली हो बाबाच्या टोपीले?"

"तुह्या डोळ्याले सवय नाई अचूक रंगाची."

"अन् तुमाले आहे? तुमच्या शर्टायले मी किती नीळ टाकू? तरी पिवळेच दिसतात म्हणता. दोन वर्षांपासून तुमच्या मिशांच्या कलपाचं सांगून राह्यली, तर म्हणता आरसा खराब झाला."

आरसा खरंच खराब होता, असं माझं तेव्हा मत होतं.

फाईल छपाईला पाठवली. स्टुडिओवाल्याचा फोन आला. "काका, फोटो लय निळा दिसून राह्यला. एकदा पाहून घ्या."

"तुमचा मॉनिटर कॅलिब्रेट केला काय कधी?" मी विचारलं. तो गप्प झाला. माणसाला गप्प करणारा शब्द सापडला की मी तो सोडत नाही. "जसा आहे तसा छापा."

कार्यक्रमाच्या दिवशी सेलूच्या घरी पन्नासेक माणसं जमली. कापडाखाली झाकलेला फोटो मी स्वतःच्या हातांनी उघडला आणि टाळ्यांची वाट पाहत उभा राहिलो. टाळ्या आल्या नाहीत. मागून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. सासूबाई खुर्चीतून उठल्या, फोटोजवळ गेल्या, खूप वेळ पाहत राहिल्या.

"हे कोन होय, शोभा?"

"आई, बाबा होय ते."

"मंग यायले थंडी वाजून राह्यली काय?"

आता मात्र पन्नास माणसं मोकळेपणानं हसली. मी एकटा टोपीकडे बोट दाखवत होतो. "टोपी पहा न, आई. किती पांढरी आहे."

सासूबाई हसल्या नाहीत. दिवाळीतच सेवाग्रामला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी फोटोवरून काढलेलं कापड उचलून माझ्यासमोर धरलं.

"हा कपडा कोन्या रंगाचा?"

"बदामी."

"पांढरा होय हा, जवाईबुवा. मी बी ऑपरेशनच्या पयले सुनेशी महिनाभर भांडली, लुगडे पिवळे धुते म्हणून. तुमचा मॉनिटर चांगला आहे. मोतीबिंदू पिकला तुमचा."

मला त्या क्षणी जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. माझी फजिती झाली त्याचं एवढं नाही. पण सासूबाई नंतर फोटोकडे पाठ करून बसल्या, ते लागलं.

माझ्याही दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. दुसरी पट्टी निघाली तसा घरी येऊन आधी आरशासमोर उभा राहिलो. आरसा लख्ख होता. मिशा जांभळ्या होत्या. जांभळट नव्हे, मेहुण्याच्या वाडीतल्या वांग्यासारख्या जांभळ्या. दोन वर्षं मी त्या काळ्या समजून लग्नाकार्यांत पीळ देत हिंडलो होतो. मी दाढीचं सामान काढलं. शोभानं नवं ब्लेड आणून दिलं.

मग फोटो पुन्हा कॉम्प्युटरवर घेतला. या वेळी खिडक्या उघड्या होत्या आणि शोभा शेजारी खुर्ची टाकून बसली होती, चांगल्या लाल साडीत. "थोडे आणखी सावळे," ती सांगायची, "उनात राहत होते बाबा." मी मुकाट्यानं करायचो.

नवा फोटो घेऊन आम्ही सेलूला गेलो. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला. सासऱ्यांच्या गालावरून, काचेवरूनच, बोट फिरवलं. डोळे पुसले.

"आले," त्या म्हणाल्या. "अगदी असेच होते."

मला इतकं बरं वाटलं की मी सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात वर नेला, आणि तो रिकामाच खाली आणला. सासूबाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं.

"यायले तं ओळखलं मी," फोटोवर हात ठेवून त्या म्हणाल्या. "पन हे कोन होय, शोभा?"