चिंचेपुढचा पडदा

आमच्या काकांना देवानं डोळे दिले होते, पण ते वापरायची त्यांना सवय नव्हती. अंबड-जालन्याहून आलेला कुणीही शहाणा ज्याला छान म्हणेल, ते छान.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझ्या ताईचं लग्न ठरलं, ते पार वऱ्हाडात. वडील नव्हते, घरात काकांचाच शब्द चालायचा. ताईनं जन्मात एकच हट्ट धरला. जालन्याचा फोटोवाला बोलवा आणि मळ्यातल्या विहिरीवर, चिंचेखाली माझा फोटो काढा. परत कधी यायला मिळेल कोण जाणे, निदान मळा तरी सोबत येईल, असं मला म्हणाली होती.

काका चक्क हो म्हणाले. फोटोवाला बैलगाडीतून आला. सोबत तिपाई, काळं फडकं आणि एक लांबलचक गुंडाळी. उलगडली तर रंगवलेला पडदा! निळं तळं, राजहंस, मागं बर्फाचे डोंगर. काका हरखूनच गेले. दोन गड्यांनी तो पडदा बराबर चिंचेपुढं ताणून धरला. मागं आमची मोट चालू, पाणी धो धो पडतंय, आणि पुढं हे कापडाचं पाणी. पडदा नको म्हणून ताईनं विनवलं.

"चिंच काय, रोजच दिसती," काका म्हणाले. "फोटो पाहून लोकं म्हनतील, पार खेडवळ हाईत."

घ्या! जन्म खेड्यात गेला आणि लाज खेड्याचीच. फोटोवाल्यानं ताईला हलू नका म्हणून बजावलं. ती रडत होती, पण हलली नाही, त्यामुळे त्याचं काही अडलं नाही.

आठवड्यानं फोटोवाला फोटो घेऊन आला. पडदा अपुरा पडल्ता. कडेला चिंचेची फांदी आणि मोटेच्या बैलाचा मागचा भाग, शेपटीसकट. काकांचं तोंड कडू झालं. फोटोवाल्यानं ओसरीवरच कात्री काढून तेवढी पट्टी कापून टाकली. आता बिलकुल साफ दिसतंय, असं काका म्हणाले. ताईनं पट्टी उचलून कमरेला खोचली. ते फक्त मी पाहिलं.

लग्न होऊन ताईची गाडी निघाली आणि फोटो बैठकीत तसाच पडलेला. पोरगी विसरली म्हणून काकांनी गड्याला फोटो घेऊन पळवलं. तो फोटोसकट परत आला.

"ताई म्हनल्या, फोटो तुमालाच ऱ्हाऊ द्या. म्या बैल नेलाय."

काका तसेच उठून गोठ्यात गेले. बैल जागेवर होता, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. ताई परत कधी माहेरी आली नाही.