चोरलेला दम

आमची पोस्ट सतरा हजार फुटांवर होती. माणसं नऊ, त्यातली मावळातली दोन. मी हवालदार, सेक्शन कमांडर, गाव तिकोणा पेठ. दुसरा लान्स नाईक बाळू, पवनानगरच्या वरच्या अंगाच्या वाडीवरचा. पलटणीच्या कबड्डी संघाचा तो पहिला चढाईपटू आणि मी त्याचा उस्ताद. चारचौघांत मला ‘उस्ताद’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘भाऊ’.

सकाळी सहाला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज. साडेसहाला बर्फ वितळवून चहा. सातला दम-परेड. ही परेड तुम्हाला कुठल्या फौजी पुस्तकात सापडायची नाही, ती माझी. बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं, पण थंडीत त्याचे सेल दगा द्यायचे. म्हणून मी एकेकाला उभं करून एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणायला लावायचो आणि घड्याळ धरायचो. कुणाचा दम कालच्यापेक्षा लवकर तुटला, की त्याला नर्सिंग असिस्टंटकडे धाडायचं. त्या उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं. वेळेत खाली उतरवला तर माणूस वाचतो. पोरं हसायची, पण या परेडनं दोघांना वेळेवर खाली पाठवलं होतं.

एके दिवशी वायरलेस सेटवर निरोप आला. लोणावळ्यात आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धा ठरली होती, पुरुषांची आणि महिलांचीही. भारताच्या सराव शिबिरासाठी बाळूचं नाव होतं. चार दिवसांनी त्यानं खाली उतरायचं.

“भाऊ, लोणावळा! आई जीपनं येऊन बघंल मला. तिनं माझी एक मॅच बघितली न्हाई अजून.”

“आधी निवड तर होऊ दे, शहाण्या.”

“व्हनार! न व्हता जाती कुटं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात. बाळूनं दम धरला. बत्तीस सेकंद, रोजच्याइतकेच. पण मधे दोनदा त्यानं आवाज न तोडता नाकानं बारीक श्वास आत ओढला. याला आम्ही दम चोरणं म्हणतो. पंचाला ते ऐकू येत नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, मीच त्याला ते शिकवलं होतं.

मी त्याला बाजूला घेतला.

“दम चोरलास.”

“न्हाई उस्ताद.”

“बाळ्या, माझ्याशी?”

तो खोकला. कोरडा खोकला. मग हळूच म्हणाला, “भाऊ, सर्दी हाय जरा. आता आजारी लिवलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाईल, शिबिर गेलंच म्हणून समजा. चार दिसांचा तर परश्न हाय. पाया पडतो.”

मी रजिस्टरमध्ये ‘फिट’ लिहिलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! अन् खरं सांगतो, मलाही ते हवं होतं. माझ्या हाताखालचा गडी आपल्या मावळात भारताकडून खेळणार. लोक विचारणार, हा कुणाच्या तालमीतला? तेवढ्यासाठी. पुढच्या सकाळी त्यानं चारदा दम चोरला आणि मी घड्याळाकडे बघत राहिलो. पुन्हा ‘फिट’.

त्याच दिवशी दुपारी १३१० ला बर्फाचा जेरीकॅन आणताना बाळू खाली बसला. ओठ निळे, थुंकीत गुलाबी फेस. मी सेट उचलला.

“कॅज्युअल्टी एक. फुप्फुसात पाणी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर.”

“हेलिकॉप्टर निगेटिव्ह. वेदर बंद. त्रास कधीपासून? ओव्हर.”

मी बटण दाबलं.

“आज सकाळपासून. ओव्हर.”

“ऑक्सिजन लावा. पायी उतरवा. आउट.”

स्ट्रेचरला चौघं लागलो. कमरेएवढ्या बर्फात शंभर पावलांना अर्धा तास जायचा. १५४० ला त्यानं माझी बाही धरली. काहीतरी बोलायला गेला, जमलं नाही. १६०५ ला नर्सिंग असिस्टंटनं मान हलवली. खालची पोस्ट समोर दिसत होती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. रजिस्टर साफ होतं. मला कुणी बोल लावला नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. महिन्याभरात पोस्टवर थंडीत चालणारं नवं यंत्र आलं. बैल गेला अन् झोपा केला!

स्पर्धा सहा महिन्यांनी झाली. तोवर मी पेन्शनीवर आलो होतो. संयोजकांनी बाळूच्या आईला बोलावलं आणि तिला आणायचं काम माझ्याकडे दिलं. पत्रिकेत छापलं होतं, वीरमातेचा सत्कार आणि दोन मिनिटं स्तब्धता. प्रमुख पाहुणे भुशी धरणाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले, मग सगळंच आखडलं. निवेदकानं बाळूचं आडनाव चुकवलं. स्तब्धता अर्ध्या मिनिटात उरकली आणि लगेच डीजे. मी संयोजकाला गाठलं.

“दोन मिनिटं ठरली होती.”

“सर, लाइव्ह चालू आहे. समजून घ्या ना प्लीज.”

शिवी ओठांवर आली होती, गिळली. मी कोणत्या तोंडानं भांडणार होतो?

पहिला सामना महिलांचा. एक परदेशी मुलगी चढाईला आली. बाळूची आई खुर्चीत पुढं सरकली.

“ती तोंडानं काय म्हनतीया?”

“कबड्डी. एका दमात म्हणायचं. दम तुटला की चढाई बाद.”

“आमचा बाळू कितीक म्हनायचा?”

तिथं माझा बांध फुटला. गोंगाट इतका, की तिच्या कानाशी वाकून सगळं सांगावं लागलं. दोन सकाळी ऐकलेला चोरटा दम, रजिस्टर, सेटवरचं खोटं, सगळं. ती मॅटकडेच बघत होती.

“तुमी तवाच त्याला खाली धाडला असता, तर जलमभर बोलला नसता तुमच्याशी,” ती म्हणाली.

“व्हय मावशी.”

“नसता बोलला. जित्ता तर असता.”

पुरुषांचा सामना सुरू व्हायच्या आत ती उठली. सोडायला येतो म्हणालो. “नगं. जाईन मी माझी.” मी तिथंच बसून राहिलो. कोण जिंकलं ते आजही आठवत नाही.

वाडीच्या फाट्यावर आता फलक आहे. शहीद लान्स नाईक बाळू, वय सव्वीस. येता-जाता मी तिथं थांबून सॅल्यूट करतो. त्या अख्ख्या मोसमात शत्रूनं आमच्या पोस्टवर एक गोळीही झाडली नव्हती.