नरम स्प्रिंगांचा डिस्ट्रिब्युटर

"आधी ऐकू द्या," हे दाजींचं नेहमीचं बोलणं. गाडी दारात आली, की मालकानं तोंड उघडायच्या आत दाजी तळहात वर करायचे. बॉनेट उघडून डोळे मिटायचे आणि आजाऱ्याच्या उशाशी वाकावं तसे इंजिनाशी वाकायचे. मग सांगायचे, "तिसरा सिलिंडर रुसलाय." आणि तो रुसलेला असायचाच.

मी गाड्यांच्या गाद्या शिवतो. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीला लागून माझं दुकान. सुईत दोरा ओवता ओवता बावीस वर्षं मी तो माणूस पाहिला. असा कान पुन्हा पाहिला नाही, आणि असा जळका जीवही नाही.

जळायचे ते एकाच माणसावर. सख्ख्या मेहुण्यावर. बायकोचा हा धाकटा भाऊ अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोर, स्वतःचं गॅरेज टाकून बसला. पांढऱ्या भिंती, ओळीनं टांगलेले पाने, आणि मधोमध डिस्ट्रिब्युटर तपासायचं मशीन. "ज्याला कान नाही त्याला काटा लागतो," दाजी मला ऐकवायचे, पण आवाज पलीकडे पोचेल असा. 'दाजी' ही हाकसुद्धा मेहुण्याचीच. तो मारायचा, मग साऱ्या रस्त्यानं उचलली. "माझं नावही त्यानंच खाल्लं," म्हणायचे.

दाजींची बायको दुपारी चहाची किटली घेऊन निघे, ती आधी भावाकडे. मग किटली इकडे आली की दाजी ती हातात घेऊन वजन पाहायचे.

"अहो, चहा तोच आहे," ती म्हणायची.

"तोच आहे. त्याच्याकडून उरलेला आहे."

अशात डॉक्टरीणबाईंची गाडी आली. वडिलांची जुनी, दोन दारांची. बाईंना दर गुरुवारी घाटावरच्या दवाखान्यात जायचं असे आणि चढावर गाडी धापा टाके. दाजींनी सात महिने त्या इंजिनावर घातले. सिलिंडर मोठे केले, कॉम्प्रेशन वाढवलं, व्हॉल्व्ह जास्त उचलणारा कॅमशाफ्ट घातला, एकाऐवजी दोन कार्बुरेटर बसवले. राहिला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते ठरवणारा. दाजींच्या टेबलावर गाडीचा मूळचा होता, घासूनपुसून आरशासारखा केलेला.

मेहुणा रस्ता ओलांडून आला. दाराबाहेरच उभा राहिला.

"दाजी, एक बोलू? तो नका लावू. या कॅमशाफ्टवर व्हॅक्यूम धड राहत नाही, याच्या बगलेची व्हॅक्यूमवर चालणारी डबी गोंधळेल. आणि आतल्या स्प्रिंगा नरम आहेत. ठिणगी वेळेआधीच पडेल. चढावर इंजिन ठोकेल."

"मशीननं सांगितलं?"

"तुम्ही सांगितलं होतं. मी शिकायला लागलो त्या वर्षी."

दाजींचा हात थांबला. ते खरंच होतं, मीही भिंतीपलीकडून तो धडा ऐकला होता. पण स्वतःचंच शहाणपण त्याच्या तोंडून ऐकलं आणि दाजींना ते परकं वाटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मानलं असतं.

"तुझ्या मशीनला सांग, इथं कान आहे," म्हणाले, आणि मूळचाच बसवला.

गाडी घाटावर नेली. बाई चालवत होत्या, दाजी शेजारी, गादी कुरकुरते का ते बघायला मी मागे. सपाटीवर इंजिन गुणगुणत होतं. चढ लागला आणि दाजी बोलायला लागले. जो माणूस इंजिन चालू असताना कुणाला शिंकू द्यायचा नाही, तो बाईंच्या वडिलांबद्दल, रस्त्यांबद्दल, माझ्या टाक्यांबद्दल बोलतच सुटला. त्या बोलण्याखालून येत होतं, डब्यात हरभरे हलवावेत तसं, खडखड, खडखड.

"दाजी, काही वाजतंय का?"

"खडी उडतेय, बाई."

रस्ता ताज्या डांबराचा होता. मागून मला त्यांचा कान दिसत होता. लालबुंद झाला होता.

असं ठोकत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं, हे मलाही ठाऊक होतं. दोन दिवसांवर गुरुवार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं शिलाईचं मशीन आपोआप थांबलं. दाजी रस्ता ओलांडत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी मागोमाग गेलो.

मेहुणा स्टुलावरून उठला. काही न विचारता त्यानं कपाटातून फडक्यात गुंडाळलेला डिस्ट्रिब्युटर काढला. बिनडबीचा, जाड स्प्रिंगांचा.

"कधी तयार केलास?"

"त्याच दिवशी."

"मी येणार ते ठाऊक होतं?"

"तुम्ही चढावर ऐकणार ते ठाऊक होतं."

त्यानं टोमणा मारला असता तर तोही दाजींना इतका झोंबला नसता. फडक्यासकट डिस्ट्रिब्युटर उचलून ते परत आले आणि तोच बसवला.

दुपारी पुन्हा घाट. आता दाजी गप्प, डोळे मिटलेले. धारदार कात्रीनं रेक्झिन कापत जावं तशी गाडी चढ कापत गेली.

परत आल्यावर बाई गाडी चालू ठेवूनच उतरल्या. "दाजी, डिस्ट्रिब्युटर निवडावा तो तुम्हीच."

समोरून मेहुणा हात पुसत आला. "दाजींशिवाय कुणाला जमलं असतं?"

एवढं गिळलं असतं तर गोष्ट मिटली असती. पण दाजींनी बॉनेटवर हात ठेवला.

"मी निवडला तो ठोकत होता, बाई. खडी नव्हती ती. हा यानं निवडलाय." मग मेहुण्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "एवढं मोठं मन माझ्यावर टाकत जाऊ नकोस. मला उचलवत नाही."

तेवढ्यात बायको किटली घेऊन आली. आज तिनं पहिला ग्लास दाजींपुढे धरला.

"आता तूही मोठं मन?" ते म्हणाले, ग्लास तिच्या हातातच ठेवून चालू लागले.

वळणाशी एकदा थांबले. मान किंचित कलली, मागे चालू असलेल्या इंजिनाकडे. मग गेले. बायको भरला ग्लास धरून बघत होती, मी सुई धरून. बाईंनी किल्लीला हात लावला तर मेहुण्यानं मान हलवली. दाजी दिसेनासे होईपर्यंत त्यानं इंजिन बंद करू दिलं नाही.