हातनको आणि गुडघ्यातली पिन

माझ्या मावशीच्या नवऱ्याला, म्हणजे काकांना, कारखान्यात कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्यांना हातनको म्हणत. कोटिंग विभागाचं दार ढकललं की आतून पहिले हेच शब्द यायचे, हात नको. मग दारात मालक असो की झाडूवाला. टायटॅनियमचे भाग एकदा धुऊन वाळवून ट्रेमध्ये मांडले की त्यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, कारण बोटाचं तेल राहिलं की त्यावरचा थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. इथवर ठीक. पण काका हे घरीही चालवायचे. चष्मा कडेने धरायचा, ताटली कडेने धरायची. लग्नानंतर बरेच दिवस मलाही कडेनेच धरत होते, असं मावशी चारचौघांत सांगायची आणि काका कान लाल करून चष्मा पुसत बसायचे.

मावशी त्याच कारखान्यात क्रेन चालवायची. छताखालच्या केबिनमध्ये बसून ती भली मोठी धुडं एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये अलगद नेऊन ठेवी. साहेबलोक तिला चेहऱ्यांपेक्षा टकलांवरून जास्त ओळखू यायचे. वरून सगळे सारखेच लहान दिसतात, म्हणून मला कोणाची भीती वाटत नाही, हे तिचं तत्त्वज्ञान होतं.

मग रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका ट्रकने तिचा डावा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत नेला. काका रडून रडून अर्धे झाले. मावशी रडली नाही, चिडली. कृत्रिम पाय बसवल्यावर तिने तो असा काही पिदडला की बनवणाऱ्यांनी हात टेकले. त्या पायाच्या गुडघ्यात अंगठ्याएवढी एक पिन होती. वजन कमी राहावं म्हणून टायटॅनियमची. हा धातू अंगाने पैलवान आणि कातडीने नाजूक. भार कितीही घेईल, पण दुसऱ्या धातूवर घासला की खरवडतो, काळी भुकटी सोडतो आणि फारच झालं तर चिकटून बसतो. मावशीचा गुडघा आधी कुरकुरला, मग डुगडुगायला लागला. नवी पिन बसवली तरी तुमच्या चालीने तिचंही हेच होईल, असं दवाखान्याने सांगून टाकलं.

इकडे आमच्या कारखान्याचे सुरक्षा साहेब अट घालून बसले होते. क्रेनची शिडी त्यांच्यासमोर एका दमात चढून उतरून दाखवायची. जमलं तर केबिन परत, नाहीतर गोदामात खुर्ची. खुर्ची गुबगुबीत असेल, असंही ते म्हणाले. मावशीला त्या गुबगुबीत शब्दाचा जास्त राग आला. आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर बसलेल्या बाईला खाली बसवायला निघाले होते.

काका म्हणाले, पिनला कोटिंग मी करतो. थर चढवायच्या त्यांच्या चेंबरमधून भाग बाहेर येतो तो सोन्यासारखा पिवळाधमक. थर केसाहून कितीतरी पातळ, पण कानसेलाही दाद देत नाही. काकांनी पिन घासून गुळगुळीत केली, धुतली, स्वतः चेंबरमध्ये लावली. बाहेर आली तेव्हा झळाळत होती. मावशीने ती बसवली आणि घरातल्या जिन्यावर इतक्या वेळा वरखाली केलं की वरचे भाडेकरू विचारायला आले, काही हरवलंय का.

साहेबांनी चढाईचा दिवस ठरवला, आणि त्याच आठवड्यात मावशीच्या मोज्यात सोनेरी चुरा सापडला. गुडघा पुन्हा कुरकुरत होता. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. गॅस भेसळीचा होता, पंप म्हातारा झालाय, पाणी खराब आलं होतं, असं करत त्यांनी खापर फोडायला एकही डोकं शिल्लक ठेवलं नाही. मी तपासणी विभागात होते, म्हणून पिन माझ्याकडे आली. ती भिंगाखाली ठेवली आणि मला हसू आवरेना. थर सगळीकडे घट्ट होता, फक्त एका जागी सुटला होता, आणि ती जागा मला ओळखीच्या आकाराची वाटली.

मावशी कुबड्यांवर आली, भिंगात बराच वेळ पाहत राहिली.

"अहो, हे ओठ आहेत," ती म्हणाली. "तुमचेच."

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मग पुटपुटले की हात नव्हता लावला. हातमोजे होते. फक्त चेंबरचं दार लावायच्या आधी मास्क जरा खाली केला होता. आणि त्याच्याही आधी न्याहारीला पावाला लोणी लावून खाल्लं होतं. जन्मभर जगाला बोट लावू न देणाऱ्या माणसाने ऐन वेळी बायकोच्या गुडघ्याचा मुका घेतला होता, तोही लोण्यासकट. मी हसत होते. मावशी हसत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि पाय गेला तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं.

मग ती नेहमीसारखी झाली. जुना थर काढून टाकायला लावला आणि दुसऱ्या वेळी काचेबाहेर कुबड्या टेकून, डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. काकांनी एकावर एक दोन मास्क चढवले होते, वर चिकटपट्टी. न्याहारीला कोरडा पाव.

चढाईच्या दिवशी अर्धा कारखाना शिडीखाली जमला. मावशी चढली. गुडघ्याचा आवाज नाही, डुगडुग नाही. वर केबिनच्या दारात क्षणभर बसली, तेवढ्यात साहेबांनी हे थांबणं समजायचं का असं विचारलं, आणि मालक म्हणाले की नाही, हे टक्कल बघणं आहे. ती उतरली. साहेबांनी मान डोलावली, तेव्हा काका गर्दीच्या मागे, हात पाठीशी बांधून, अजून मास्क लावून उभे होते. मावशी सरळ त्यांच्यासमोर गेली. सगळ्या कारखान्यादेखत तिने सलवार गुडघ्याच्या वर घेतली. सांध्यात पिवळीधमक पिन दिसत होती.

"या हो, हातनको," ती म्हणाली. "आता लावा हात."